धुऱ्यावरची तुती

त्या सालांत वऱ्हाडात सावलीला कोणी वाली उरला नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती म्हणे. तिथला कापूस बंद पडला होता आणि विलायतेतल्या गिरण्या वऱ्हाडच्या पऱ्हाटीकडे डोळे लावून बसल्या होत्या. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या बंड्या लागल्या की शेवटची बंडी गावाबाहेरच्या माळावर उभी राही. अकोल्याचे व्यापारी घोड्यावर बसून खेडोपाडी हिंडत आणि पीक उभं असतानाच सौदा करून जात. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी घरावर नवी कवलं घातली. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी आली, गुरं चरायच्या पडीकात आली, पांदणीच्या कडेकडेनं आली. आणि पऱ्हाटीला सावली खपत नाही. म्हणून बाभळी गेल्या, बोरी गेल्या, धुऱ्याधुऱ्यावरचे, म्हणजे बांधाबांधावरचे, कडुनिंब गेले.

पातूरच्या डोंगराखाली, मोर्णेच्या काठी बोरखडी नावाचं खेडं होतं. तिथं चंद्रभान राहायचा. वय चाळिशीच्या आसपास, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. त्याची काळीभोर जमीन नदीच्या अंगाला होती आणि तिच्यातलं शेवटचं झाड त्यानं आदल्या सालीच पाडलं होतं. आता राहिलं होतं फक्त एक, तेही धड त्याचं नव्हतं आणि धड परक्याचं नव्हतं. धुऱ्यावरची तुती.

धुऱ्याच्या पलीकडे खातूनबीचा लहानसा तुकडा होता. एक विहीर, एक मातीचं घर, दोन बकऱ्या. तिचा नवरा अन्सार जातीचा पटवा, रेशमाचे गोंडे आणि करदोटे करणारा. फार वर्षांपूर्वी तो बऱ्हाणपुराहून इकडे आला, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी घेऊन आला होता. ती त्यानं धुऱ्यावर खोचली, तिची ही तुती झाली. तिच्या पाल्यावर तो रेशमाचे किडे पोसायचा. अन्सार वारला, मुलगी जहाँआरा लग्न होऊन बाळापूरला गेली, आणि खातूनबी एकटीच ते किडे पोसत, रेशीम काढत आणि बाळापूरच्या पटव्यांना नेऊन देत राहिली.

दुपार कलली की तुतीची सावली चंद्रभानच्या पऱ्हाटीवर पसरायची. तेवढ्या पट्ट्यातली झाडं पिवळी, बोंडं बारकी. दोन सालं त्यानं दात खाऊन काढली. तिसऱ्या साली, माघ महिन्यात, वेचण्या उरकल्यावर तो कुऱ्हाड घेऊनच धुऱ्यावर गेला. खातूनबी विहिरीजवळ बसून सुपं सारवत होती.

"चाची, सांगून ठेवतो," तो म्हणाला. "हे झाड म्या तोडून राहिलो."

तो सगळ्या तयारीनं आला होता. म्हातारी रडेल, शिव्या देईल, अन्सारच्या नावानं गळा काढेल. प्रत्येकाला त्यानं उत्तर ठरवून ठेवलं होतं. खातूनबीनं शेणाचा हात सुपावरून काढला आणि झाडाकडे मान वर करून पाहिलं.

"आजच?"

"आजच."

"चांगलं होईन. माघ हाये, पानं गयली हायेत. पण बुडातून नको घेऊ, बेटा. जमिनीपासून हातभर खोड राहू दे. अन् हे विहिरीकडची एक फांदी ठेव. कुऱ्हाडीले धार हाये ना?"

चंद्रभान तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. "चाची, तुमी काही म्हणत नाई?"

"म्हणून तर राहिली! धार लाव. बोथट कुऱ्हाडीनं साल फाटते."

त्यानं मुकाट्यानं कुऱ्हाड दगडावर घासली. म्हातारीचं डोकं फिरलं असावं, असं त्याला वाटलं. उन्हं कलायच्या आत झाड खाली आलं. साल कापली तिथून दुधासारखा पांढरा चीक झिरपला. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं. खातूनबी फांद्यांमध्ये बसून निवड करत होती. जाड फांद्या तिनं चंद्रभानकडे ढकलल्या. "घेऊन जाय. जुवाच्या शिवळा कर. चिवट लाकूड हाये, बैल अडला तरी तुटत नाई." लवचीक छड्या टोपल्या विणायला बाजूला ठेवल्या. बोटाएवढ्या जाड काड्यांचे मात्र तिनं विळ्यानं वीतवीतभर तुकडे केले, खालचं टोक तिरपं कापलं आणि विहिरीजवळच्या ओल्या वाफ्यात एकेक करून खोचले. सगळ्या तिरक्या, सगळ्या मेलेल्या दिसणाऱ्या.

घरी येऊन चंद्रभाननं बायकोला, सत्यभामेला, ही गंमत सांगितली. "वाळल्या काड्या पेरून राहिली बुढी. पाणी बी घालते त्यांले!"

सत्यभामा हसली नाही. "अन् तिच्या किड्यांचं काय? ते काय खातीन?"

"खातीन दुसरं काही. पाल्याले काय तोटा हाये?"

"नाई खात. तुतीशिवाय दुसरं पान तोंडात घेत नाईत ते. उपाशी मरतीन, पण नाई खात. पाप केलं तुमी." आणि तिनं त्या रात्री त्याला भाकरी वाढली ती ताटात जरा जोरानंच टाकली.

फाल्गुन लागला. खोड तसंच उभं होतं, बसायच्या ओट्यासारखं. चंद्रभान वावरात जाता-येता तिकडे पाहायचं टाळायचा. मग होळी झाल्यावर एका सकाळी तो धुऱ्यावरून चालला असताना थबकला. खोडाच्या जाड, भेगाळलेल्या सालीतून हिरवे कोंब बाहेर पडले होते. एकदोन नव्हे, खोडाला चहूबाजूंनी पोपटाच्या चोची फुटाव्यात तसे. त्यानं एकाला बोट लावलं. लाकडासारख्या कोरड्या सालीतून आलेला तो कोंब ओलसर आणि गार होता.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम त्या वाटेनं गेला. तिसऱ्या दिवशीही. चैत्राचं ऊन तापू लागलं तशी नदीतली पाण्याची धार तुटली, गुरांच्या तोंडाला फेस येऊ लागला, माळावरचं गवत पायाखाली कुरकुरू लागलं. आणि ते तोडलेलं खोड मात्र दिवसागणिक वर चढत होतं. आधी वीतभर, मग हातभर, मग चंद्रभानच्या छातीला लागतील एवढे सरळसोट फोक. त्यांच्यावरची पानं पाहून तर तो चक्रावलाच. पूर्वी या झाडाची पानं बारकी आणि खरबरीत असत. आता एकेक पान त्याच्या पसरलेल्या पंजाला झाकून उरत होतं. मऊ आणि गर्द, तुपाचा हात फिरवल्यासारखं तुळतुळीत.

वाफ्यातल्या काड्यांचं तर विचारू नका. जवळजवळ सगळ्या फुटल्या होत्या. आणि त्यांतल्या एकीला, जेमतेम वीतभर काडीला, जिला खाली मूळ तरी धरलंय की नाही देव जाणे, तिला एक हिरवं खरबरीत फळ लागलं होतं.

चंद्रभान तिथं उकिडवा बसला. मळा-शेतीत जन्म गेला होता त्याचा. सरकी पेरली की काय उगवतं, किती दिवसांनी पातं लागतं, कधी बोंड धरतं, सगळं त्याच्या बोटांवर होतं. पण मोडलेली काडी मातीत खोचावी आणि तिनं पोटात धरून ठेवलेलं फळ आधी बाहेर काढावं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"चाची," त्यानं हाक मारली. "हे काय होय?"

खातूनबी बकऱ्यांना पाला टाकत होती. ती सावकाश आली आणि त्याच्या शेजारी बसली. "झाडाची जान मुळात असते, बेटा. तुतीचं मूळ लय खोल जाते, विहिरीच्या पाण्यापातूर. वरती म्हातारं झालं तरी खालून जवानच असते ते. वरचा भार उतरवला का सारी ताकद नव्या फुटव्यात येते. अन्सारमियाँ दर माघात तोडायचे. ते गेले, मंग तोडलं कोणी? पानं बारीक झाली, किडे रोडावले. म्या बुढी, झाडावर चढू कशी? गावात जो तो पऱ्हाटीच्या मागं. कोणाले म्हणू? मंग अल्लानं तुले धाडलं. कुऱ्हाडीसकट."

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की चंद्रभानला हसावं की मान खाली घालावी कळेना. भांडायला गेला होता तो, आणि म्हातारीचं वर्षानुवर्षं अडलेलं काम करून आला होता.

"मले आधी काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू तोडलं असतं?"

त्यानं थोडा विचार केला. "नाई," तो म्हणाला.

चैत्र सरता सरता सत्यभामेचा गळा धरला. त्या साली बोरखडीत घरोघर रेचे फिरत होते. दोन लाटांच्या त्या हातयंत्रातून कापूस पलीकडे पडे, सरकी अलीकडे, आणि मधल्या मध्ये घरभर तंतू उडत. भाकरीवर तंतू, पाण्यात तंतू, पापण्यांवर तंतू. सत्यभामा सकाळपासून रेच्यावर बसे. आधी खोकला आला, मग गळा आतून सुजला, तोंडात फोड आले. भाकरी गिळवेना. शेवटी आवाजच बसला. घर एकदम मुकं झालं. पातूरच्या वैदानं चूर्ण दिलं, पण ते तोंडात घालताच आग आग व्हायची आणि ती ते थुंकून टाकायची.

हे कानावर गेलं तशी खातूनबी टोपली घेऊन आली. विहिरीकडची राखलेली फांदी फळांनी लगडली होती. टोपलीत काळीजांभळी, बोटाच्या पेराएवढी तुतं होती. ती अंगणातच थांबली, ओसरीवर चढली नाही.

"चंद्रभान, चूल तुमची, पातेलं तुमचं, हात तुझा," ती म्हणाली. "मी इथून सांगते, तसं कर."

चंद्रभानच्या घरात आपल्या हातचं शिजवलेलं चालणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते बोलूनही दाखवलं नाही. चंद्रभाननं आयुष्यात पहिल्यांदा चूल फुंकली. तुतं फडक्यातून पिळली तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. रस पातेल्यात ओतला, खडीसाखर टाकली, आणि अंगणातून खातूनबी सांगत राहिली: आच कमी कर, ढवळत राहाय, फेस काढ, बोटाले चिकटून तार आली का उतरव. पातेल्यात ते काळंलाल, जाड, चमकणारं काहीतरी तयार झालं.

"बोटानं चाटव तिले. घाई नको करू, गळ्यातून हळूहळू उतरू दे. अन् आयक, वैदाचं चूर्ण सोडू नको. हे गळ्याले ओलावा देते, फोडाची आग थांबवते. बाकीचं काम चूर्णाचं. अन् रेच्यावर बसवू नको तिले. बसलीच तं तोंडाले पदर बांध म्हणा."

सत्यभामेनं पहिलं बोट चाटलं आणि डोळे मिटले. जळत्या गळ्यावरून काहीतरी गार, गोड, आंबूस उतरत गेलं. त्या दिवशी तिनं पेज प्यायली. दुसऱ्या दिवशी भाताचे चार घास गेले. रेचा भिंतीला टेकून राहिला. आठवडा सरता सरता चंद्रभान दुपारी वावरातून आला, तो दारातच ऐकू आलं:

"पातेलं खरकटंच ठेवलं ना माह्यं? मुंग्या लागल्या साऱ्या! कोणी सांगितलं होतं चुलीत हात घालाले?"

आवाज घोगरा होता, पण तिचा होता. चंद्रभान उंबऱ्यावर बसला आणि मोठमोठ्यानं हसू लागला. जांभळे डाग अजून त्याच्या नखांत होते.

त्या पावसाळ्यात तुतीचे फोक माणसाच्या डोक्यावर गेले. दसरा जवळ आला तशी वावरं पांढरी होऊ लागली. बोंडं फुटली. व्यापाऱ्यांचे घोडे पुन्हा दिसू लागले, आणि सारं गाव वेचणीला लागलं. नेमकं तेव्हाच खातूनबीला हिवतापानं गाठलं.

सत्यभामा तिला पाहून आली ती धावतच. "चाची उठत नाई. गोधडीत कुडकुडून राहिली. अन् सुपांतले किडे माना वर करून बसले हायेत. चला तुमी."

चंद्रभान त्या घरात पहिल्यांदाच पाय ठेवत होता. आतली खोली अंधारी, गार, शेणानं सारवलेली. भिंतीला लागून बांबूच्या मांडणीवर सुपंच सुपं. आणि प्रत्येक सुपात पांढरे, करंगळीएवढे किडे, शेकड्यांनी. सगळ्यांनी अंगाचा पुढचा भाग उचलून धरला होता. कसला आवाज नाही, हालचाल नाही. फक्त वर उचललेल्या माना, जणू कोणाची तरी वाट पाहत असलेल्या.

किळस येईल असं त्याला वाटलं होतं. खातूनबीनं कोपऱ्यातून क्षीण आवाजात एक उचलायला सांगितला, तेव्हा त्यानं नाइलाजानं हात पुढे केला. किडा त्याच्या राठ तळव्यावर आला. गार, कोरडा, तान्ह्या लेकराच्या कानाच्या पाळीसारखा मऊ.

"चार वेळा कात टाकली त्यांनी," खातूनबी म्हणाली. "आता शेवटची भूक हाये. सारी उमर जेवढं खाल्लं नसन तेवढं आता खातीन. पाला पायजे, बेटा. दहिवर सुकल्यावर तोड. ओलं पान देऊ नको, मरतीन. अन् तंबाखू खाते ना तू?"

"खातो."

"नको खाऊ. हात राखेनं धू. त्या वासानं बी मरतात."

लहानपणापासून गालात असलेली तंबाखू चंद्रभाननं त्या सकाळी थुंकली. पाला तोडून आणला, फडक्यानं पुसला, सुपांवर पसरला. किडे पानांखाली नाहीसे झाले. मग आवाज सुरू झाला. वाळल्या कडब्याच्या गंजीवरून वारा सरकत जावा तसा बारीक, सगळीकडून येणारा, न थांबणारा. पानांच्या कडा चंद्रकोरीसारख्या कातरल्या जात होत्या. बघता बघता हिरवा थर खाली बसला, पानांच्या शिरा तेवढ्या उरल्या, आणि माना पुन्हा वर आल्या. तो पुन्हा पाला आणायला पळाला.

ते दिवस तो त्या खोलीचा आणि त्या धुऱ्याचाच झाला. सत्यभामा बायका लावून वेचणी करत होती, पण बायका मिळत होत्या कुठं? जिकडे तिकडे वेचणी. फुटलेली बोंडं लोंबू लागली, काही भुईवर पडली. शेजारच्या वावरातून वामनराव ओरडला, "अरे चंद्रभान, कापूस मातीत जाऊन राहिला, अन् तू किड्यांले चारून राहिला! काय म्हणावं तुले?"

"कापूस दोन रोज थांबते, वामनराव," पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन चाललेला चंद्रभान म्हणाला. "हे थांबत नाईत."

एका सकाळी त्यानं पाला टाकला आणि आवाज आलाच नाही. आपल्या हातून काही चुकलं, मेले सगळे. तो वाकून पाहू लागला. किडे मेले नव्हते. त्यांचा पांढरा रंग जाऊन अंग मधासारखं झालं होतं. दिव्यासमोर धरलेल्या बोटासारखं आरपार दिसत होतं. ते पानं सोडून सुपाच्या कडांकडे चालले होते, मान वर करून काहीतरी शोधत.

"चाची, खात नाईत!"

खातूनबी त्या दिवशी उशाला टेकून बसली होती. ताप उतरला होता. तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "पोट भरलं त्यांचं. तुऱ्हाट्या ठेव सुपात. आता ते घर बांधतीन."

त्यानं तुरीच्या वाळक्या काड्या आणून सुपांत रचल्या. किडे वर चढले. एकेकानं आपला बेचका निवडला. आणि मग चंद्रभान पाहत बसला. किडा मान इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवत होता, अगदी बारीक, एका लयीत. आणि त्याच्या तोंडातून एक तंतू निघत होता, जो दिसत होता आणि दिसतही नव्हता. आधी बेचक्यात जाळं झालं, मग जाळ्यात धुकं झालं. धुक्याच्या आत किडा हलताना दिसत होता. दुपार झाली, सत्यभामा भाकरी घेऊन आली, तीही तशीच खाली बसली.

चंद्रभानच्या डोळ्यांसमोर त्याचा कापूस आला. नांगरटीपासून वेचणीपर्यंत किती हात, मग रेचा, मग पिंजण, मग पेळू, मग चरखा. तेव्हा कुठं सूत होतं, तेही तुकड्यातुकड्यांचं, पिळून जोडलेलं. आणि इथं एक मुका जीव तुतीचं पान खाऊन तोंडातून सूत काढत होता. चात नाही, चरखा नाही. धुऱ्यावरच्या मातीतलं पाणी मुळानं ओढलं, त्याचं पान झालं, पानाचं हे झालं. आणि त्या झाडावर आपण कुऱ्हाड घेऊन गेलो होतो ते सावली पडते म्हणून.

तिसऱ्या दिवशी तुऱ्हाट्यांवर पिवळसर सोनेरी कोश लटकत होते, चिमणीच्या अंड्यांएवढे. आतला किडा दिसेनासा झाला होता.

खातूनबी चालू-फिरू लागल्यावर तिनं अंगणात चूल पेटवून मोठं भांडं ठेवलं. कोश गरम पाण्यात पडायच्या आधी चंद्रभाननं विचारलं, "मंग आतला जीव?"

"जाते तो," खातूनबी म्हणाली. "खोटं कशाले सांगू? बाहेर निघाला तं धागा तोडून निघते, मंग रेशीम होत नाई. म्हणून काही कोश मी सोडते, बियाण्याले. त्यांचे पंखवाले होतात, अंडी घालतात. बाकीच्यांचं मी घेते. अन् दरवेळी माफी मागते. अजून सवय झाली नाई मले. होऊ बी नये."

चंद्रभाननं भांड्यापुढे नकळत हात जोडले.

खातूनबीनं काडीनं पाणी ढवळलं. कोशांची टोकं सुटून काडीला चिकटली. काही कोशांची टोकं तिनं एकत्र घेतली, बोटांत पीळ दिला आणि चंद्रभानच्या हातात दिली.

"धर. अन् चाल."

"कुठवर?"

"संपेस्तोवर."

तो निघाला. वारा पडलेला होता. त्यानं हात उंच धरला. मागं भांड्यात कोश टुणटुण उड्या मारत फिरू लागले. अंगण संपलं, विहीर मागं पडली, तो धुऱ्यावर चढला. उन्हात धागा क्षणभर चमके, मग दिसेनासा होई; फक्त बोटांना लागणारी ती हलकी ओढ तेवढी खरी. तो धुऱ्याधुऱ्यानं चालत राहिला. वेचणाऱ्या बायका ओटीत कापूस घेऊन उभ्या राहिल्या. वामनराव पलीकडून पाहत होता: चंद्रभान हात वर करून, पावलं जपून टाकत, रिकाम्या हवेत काहीतरी नेत चालला आहे.

"काय धरलं रे हातात?"

"तुतीचं पान!" चंद्रभान ओरडला. आणि दुसरं काय सांगणार?

तो वावराच्या पार टोकाला, नाल्याच्या काठाशी पोचला आणि वळून पाहिलं. खातूनबी दूर ठिपक्याएवढी दिसत होती. तिच्यापासून त्याच्यापर्यंत, साऱ्या फुटलेल्या पऱ्हाटीवरून, एक अखंड धागा गेला होता. सत्यभामेनं दोन्ही हातांचा कर्णा करून हाक दिली, "अजून हाये! कोश अजून भरलेलेच हायेत!"

जमीन मोजायची साखळी त्यानं पाहिली होती, सरकारी मोजणीदार ओढत नेत ती. चिमणीच्या अंड्याएवढ्या कोशांत आपलं अख्खं वावर मावतं आणि वर उरतं, हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. तो नाल्याच्या काठी हात वर धरून तसाच उभा राहिला, खातूनबीनं परत बोलावेपर्यंत.

पुढच्या साली ती दूरची लढाई संपली आणि कापसाचा भाव पडला. अमरावतीच्या बाजारातली बंड्यांची रांग आखडली, शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. चंद्रभाननं पऱ्हाटी सोडली नाही; काळ्या मातीत दुसरं काय शोभतं? पण माघात त्यानं आपल्या साऱ्या धुऱ्यांवर वीतवीतभर काड्या खोचल्या. पुढे बकऱ्यांना पाला झाला, टोपल्यांना छड्या झाल्या, गावातल्या लेकरांची तोंडं चैत्रभर जांभळी राहू लागली. गळा धरला की लोक पातेलं घेऊन त्याच्या दारी येत आणि तो ओसरीवर बसून सांगे, आच कमी करा, ढवळत राहा. दर माघात तो सगळी झाडं हातभर ठेवून छाटायचा, आणि दर चैत्रात पहिला कोंब पाहायला जायचा तेव्हा चपला काढून जायचा. सत्यभामा त्याला हसायची, पण सोबत जायची.

अकोल्याला आगगाडी आली त्यानंतरच्या एका श्रावणात जहाँआरा आईला कायमची न्यायला आली. खातूनबीचे डोळे अधू झाले होते. बंडीत बसताना तिनं चंद्रभानच्या हातात एक घडी केलेलं पांढरं फडकं दिलं. उघडून पाहिलं तर त्यावर खसखशीएवढे ठिपके चिकटलेले होते, ओळीनं, गच्च.

"बियाणं हाये. सावलीत ठेव. गार ठेव. मुंग्यांपासून जप," ती म्हणाली. "बाकी तुले समदं येते."

त्यानं ते फडकं सुपात घालून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तिकडे जाऊन पाही. ठिपके तसेच राहत. मग त्यांचा रंग बदलला, निळसर राखाडी झाला. आणि एका सकाळी, ऊन नुकतंच खिडकीतून आत आलं असताना, त्याला फडकं हलल्यासारखं वाटलं. तो वाकला. ठिपक्याठिपक्यातून एकेक काळा केस बाहेर येत होता. केसाला डोकं होतं. केस चालत होते.

"सत्यभामा," तो कुजबुजला, "इकडं ये वं. हळूच ये."

ती पिठाचे हात तसेच घेऊन आली. रंग बदलल्यापासून रोज करी तसं चंद्रभाननं त्या सकाळीही फोकाच्या शेंड्याचं सगळ्यात कोवळं पान विळ्यावर बारीक, धुळीसारखं चिरलं होतं. ते त्यानं चिमटीनं फडक्यावर भुरभुरलं. काळे केस थांबले. मग एकाच वेळी सगळे त्या हिरव्या कणांकडे वळले.

आपला श्वास लागून एखादा उडून जाईल, म्हणून चंद्रभाननं नाकावर हात धरला होता. शेजारी सत्यभामेनंही धरला.